सोळाजणींच्या सहाजणी का झाल्या?

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं आहे. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. जूनपासून त्या वस्तीतल्या समाजमंदिरात बायकांसाठी इंग्रजीचा मोफत वर्ग घेतात, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. पस्तीस ते पंचावन्न वयाच्या सोळाजणी आल्या. त्यांत कापड दुकानात काम करणाऱ्या आहेत, दवाखान्यातल्या मावशी आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत आणि मुलांना इंग्रजी माध्यमात घातलेल्या गृहिणीही. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कन्नड. मराठी सगळ्यांना समजतं. शब्दांच्या जाती, मग ‘टू बी’ची रूपं, मग एकेक काळ, असं करत वर्ग पाचव्या काळापर्यंत आला. वह्या भरल्या, पण बोलायला सांगितलं की सगळ्या गप्प. आयटीत नोकरी करणाऱ्या सुनेने सुचवलं, ‘वर्गात मराठी पूर्ण बंद करा.’ म्हणून मराठी शब्द निघाला की डब्यात पाच रुपये, असा नियम झाला. आता सहाजणी उरल्यात. बाई विचारतात: पाया कच्चा आहे म्हणून व्याकरण पुन्हा पहिल्यापासून घ्यावं का? मराठीबंदी बरोबर आहे का? आणि या वयात भाषा खरंच येते का? शेवटी एक ओळ आहे: ‘माझे स्वतःचे उच्चारही काही साहेबी नाहीत.’

बाई, नमस्कार.

वयाचं आधी उरकून घेऊ, कारण ती शंका मनात असली की बाकी सगळ्या उपायांवरचा विश्वास डळमळतो. लहानपणी भाषा पटकन येते आणि मोठेपणी येत नाही, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की तपासून बघायचं राहूनच जातं. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा एक अभ्यास १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-हले या दोन संशोधिकांनी प्रसिद्ध केला. डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत पुढे गेले ते कुमारवयीन आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यांत मागे होती. लहान मुलं पुढे वर्षानुवर्षं त्या भाषेत राहून मोठ्यांना गाठतात, उच्चारात तर मागे टाकतात, हे खरं. पण सुरुवातीचा वेग प्रौढांकडे असतो. त्यांना जग माहीत असतं, ‘पावती’ म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. प्रौढांकडे कमी असतात त्या दोन गोष्टी: वेळ आणि चुकायची हिंमत. तुमच्या वर्गाची आखणी या दोन गोष्टी धरून व्हायला हवी. आत्ता ती आठवीच्या वर्गाची आहे.

शिवाय या बायका शून्यावर नाहीत. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे तुमच्या वर्गातल्या ज्या इथल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत गेल्या, त्यांनी सहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलंय, सातवीत शाळा सुटलेलीनेही तीन वर्षं. आणि पुस्तकाबाहेरचं वेगळंच. दुकानातल्या ताईंना विचारा, दिवसभरात किती इंग्रजी शब्द तोंडी येतात: स्टॉक, पीस, मॅचिंग, साइज, डिस्काउंट, एक्स्चेंज, ट्रायल, बिल. दवाखान्यातल्या मावशींना विचारा: सलाइन, ड्रेसिंग, रिपोर्ट, वॉर्ड, पेशंट, डिस्चार्ज. एक पूर्ण फळा भरेल. पुढच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं यावरच घालवा. शब्द आहेत, त्यांना जोडणारी चार-पाच क्रियापदं आणि वाक्याचा साचा नाही, एवढंच हे दुखणं आहे.

आता पाया. तुम्ही म्हणता, पाया कच्चा आहे. मला तो पाया घालायच्या क्रमावरच शंका आहे. जाती, मग रूपं, मग काळ, आणि सगळं झालं की बोलणं, हा क्रम परीक्षेसाठी ठीक होता, कारण तिथे बोलायचं नव्हतंच. प्रौढांच्या वर्गात त्याचे दोन तोटे होतात आणि दोन्ही तुमच्या पत्रात दिसतात.

पहिला तोटा: हा क्रम साखळीचा आहे. तिसरा काळ चुकला की चौथा कळत नाही. शाळेतलं पोर रोज येतं. तुमच्याकडे येणारी बाई पाहुणे आले, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आहे, दुकानात सणाची गर्दी आहे, अशा कारणांनी महिन्यात दोन-तीन तास चुकवणारच. जून ते दिवाळी या काळात तर नक्कीच. दोन तास चुकले की तिसऱ्या तासाला तिला काही कळत नाही, चौथ्याला ती येत नाही. तुम्हाला वाटतं रस उरला नाही. मला वाटतं, वर्गात परत शिरायला दारच ठेवलेलं नाही. प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा: आज शाळेत फोन, पुढच्या वेळी दुकानातलं गिऱ्हाईक, त्यापुढे बँकेचं काउंटर. एखादी एक तास चुकवेल, पण पुढच्याला हसत येऊन बसेल.

दुसरा तोटा जरा बारीक आहे. तुमच्या विद्यार्थिनी ‘आय ॲम गो टु मार्केट’ म्हणतात का? जवळजवळ खात्रीने म्हणत असतील. याचं कारण पाया कच्चा असणं नव्हे, पायाच असा घातला जातो हे आहे. पहिल्याच आठवड्यात ‘आय ॲम, यू आर, ही इज, शी इज’ हे इतकं घोकून घेतलं जातं की डोक्यात ‘मी’ला जोडी बसते ती नुसत्या ‘आय’ची नव्हे, अख्ख्या ‘आय ॲम’ची. त्यात आपल्याकडे ‘मी जाते आहे’मधलं ‘आहे’ मदतीला येतं. मग ‘आय ॲम गो’, ‘आय ॲम नॉट नो’, सगळं ओघाने आलंच. आता पुन्हा पहिल्यापासून व्याकरण घेतलंत तर हीच जोडी आणखी घट्ट होईल. उलट करा. चार आठवडे फक्त कामाची क्रियापदं: आय वर्क, आय कुक, आय स्टिच ब्लाउजेस, आय लिव्ह इन सोलापूर, आय नीड, आय वाँट. ‘ॲम’ त्यानंतर आणा, आणि आणताना तीन ठिकाणांपुरता: नाव, नातं, अवस्था. ‘आय ॲम हिज मदर.’ ‘आय ॲम लेट.’

तरी सवयीने ‘आय ॲम गो’ आलंच तर नियम सांगू नका. डाव्या हाताची बोटं वर करा, एका बोटाला एक शब्द: आय, ॲम, गो. मधलं बोट दुमडून फक्त तिच्याकडे बघा. ती स्वतःच म्हणेल, ‘आय गो.’ दोन सेकंदांत काम होतं, तुम्ही चूक असा शब्दही उच्चारत नाही, आणि दुरुस्ती तिच्याच तोंडून होते. महिनाभरात वर्गात कुणी अडखळलं की शेजारणी बोटं दाखवायला लागतात.

पहिल्या तीन महिन्यांत व्याकरण किती लागतं? ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ (विनंती, परवानगी, अडचण, सगळं त्यात बसतं), ‘विल’, ‘डू’ आणि ‘डिड’ घालून प्रश्न, आणि भूतकाळाची दहा रूपं शब्द म्हणून पाठ: केम, वेंट, गेव्ह, टुक, गॉट, सेड, डिड, हॅड, पेड, फरगॉट. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’कडे काणाडोळा करा. आपल्या भाषांत हा प्रकारच नसल्यामुळे तो सगळ्यांत उशिरा येतो, आणि तो चुकला म्हणून बँकेत कुणाचं काम अडत नाही. अडतं ते ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मध्ये. तिथे अर्धा तास घाला. ‘टीन’वर जोर आणि लांबी, ‘टी’ आखूड. आणि तरीही शंका राहिली तर ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ असं विचारायची सवय लावा. दुकानात काम करणाऱ्यांना एवढ्या एका गोष्टीचा पगार मिळतो.

बारा काळांतले उरलेले सात? ज्या दिवशी कुणाला गरज पडेल त्या दिवशी.

मग शिकवायचं काय, हे ठरवायला एक तास काढा आणि प्रत्येकीशी पाच-सात मिनिटं वेगळं बोला, मराठीत. तीन प्रश्न पुरे. गेल्या महिन्यात इंग्रजी न आल्यामुळे कुठे अडलात? समोर कोण होतं? तेव्हा काय म्हणायचं होतं, ते मराठीत जसंच्या तसं सांगा. ‘मला इंग्लिश बोलायचंय’ एवढंच उत्तर आलं तर धरून ठेवा, ‘कुणाशी?’ विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या, तोच तुमचा अभ्यासक्रम. सगळ्यांची मिळून पाच-सहा ठिकाणं निघतील. यातली काही बोलण्याची नसतीलच, हेही लक्षात येईल. मुलाच्या शाळेची डायरी वाचता येत नाही हे दुखणं वाचनाचं आहे. तिथे काळ शिकवून उपयोग नाही. डायरीच्या पानांचे फोटो मागवा, मुलांची नावं झाका, आणि तीच पानं वर्गात वाचा. काइंडली, सबमिट, रिमार्क, ॲबसेंट, ड्यू, ऑन ऑर बिफोर: शाळांची भाषा ठरावीक असते, तीस-चाळीस शब्दांत बरीचशी उलगडते.

मराठीबंदीबद्दल. सूनबाईंचा हेतू चांगला आहे आणि त्यांनी ऐकलेलं खोटं नाही, पण ते वेगळ्या वर्गाचं आहे. शिकायची भाषा सोडून दुसरी बोलायचीच नाही, ही पद्धत जगभर नेली ती मॅक्सिमिलियन बर्लिट्झच्या शाळांनी. त्यातली पहिली १८७८ साली अमेरिकेत निघाली. आज लंडन किंवा न्यूयॉर्कच्या वर्गात एका बाकावर सोमाली, दुसऱ्यावर पोलिश, तिसऱ्यावर बंगाली बोलणारा बसतो आणि शिक्षकाला यातली एकही भाषा येत नाही. तिथे फक्त इंग्रजी बोलण्याला पर्यायच नसतो. ती तिथली सोय आहे, सगळीकडचा नियम नव्हे. तुमच्याकडे सगळ्यांना समजणारी भाषा आहे आणि ती तुम्हालाही येते. ती कुलूप लावून ठेवायचं कारण काय?

पाच रुपयांचा डबा मात्र आजच बंद करा. जिच्या डोक्यात वाक्य मराठीतच तयार होतं, तिच्यासाठी त्याचा अर्थ एकच: बोललं की दंड, गप्प राहिलं की फुकट. आधीच गप्प असणाऱ्या त्याने बोलत्या होणार नाहीत. साठलेल्या पैशांचा सगळ्यांना चहा पाजा.

मराठी कशासाठी आणि कुठवर, हे मात्र ठरवून घ्या, नाहीतर दीड तास मराठीतच जातो, आणि तोही तुमच्या तोंडून. माझा कल असा: प्रसंग समजावणं मराठीत, नव्या शब्दाचा अर्थ मराठीत (एका सेकंदात सांगून मोकळं व्हा, ‘रिसीट’चा अर्थ इंग्रजीत अभिनय करून दाखवण्यात पाच मिनिटं घालवणं हा निव्वळ हट्ट), आणि ‘असं का?’ या प्रश्नाचं उत्तर मराठीत. वर्ग चालवायच्या सूचना मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत, त्याच त्या, न बदलता: ओपन युवर बुक्स, लिसन, से इट अगेन, वर्क इन पेअर्स, चेंज पार्टनर्स, स्टॉप. या रोज कानावर पडून फुकटात येतात. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या दोघी आपसात कुजबुजून अर्थ लावत असतील तर लावू द्या. ती शिकवणीच चालू आहे.

सरावाची जोडी लावली की त्या वेळात उत्तर इंग्रजीतच, एवढा एक नियम. पण त्याआधी त्यांच्या हातात अडल्यावर वापरायची वाक्यं हवीत. हा खरा पहिला धडा, शब्दांच्या जातींच्या कितीतरी आधीचा: ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड.’ ‘प्लीज स्पीक स्लोली.’ ‘वन मोअर टाइम, प्लीज.’ ‘वन मिनिट.’ ‘यू मीन फ्रायडे?’ समोरच्याचं कळलं नाही तर पुन्हा कसं विचारायचं हे माहीत नसल्यामुळे बायका फोन नवऱ्याच्या किंवा पोराच्या हातात देतात. ही पाच वाक्यं पाठ असलेली बाई फोन हातात ठेवते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, देवनागरीतही लिहा. देवनागरीत लिहिल्याने उच्चार बिघडतात ही तक्रार अर्धीच खरी आहे. ‘बॅग’मधला ॲ आणि ‘कॉल’मधला ऑ आपण लिहू शकतो. निसटतो तो शब्दातला जोर, म्हणून जिथे जोर आहे त्या अक्षराखाली रेघ मारायची सवय लावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचा हिशेब. पुढचा तास फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना घड्याळ लावा. नव्वद मिनिटांतली साठ तुम्ही बोललात असं धरू, जे शाळेत शिकवलेल्या कुणाचंही होतं. उरली तीस. एकेकीला उभं करून सोळाजणींना विचारलं तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत, आणि तीही सगळ्यांच्या नजरा झेलत. त्याऐवजी पंचवीस मिनिटं जोड्या लावल्या तर प्रत्येकजण बारा मिनिटं बोलते, आणि ऐकायला एकच माणूस असतो. खोलीत गोंगाट होईल. तो होऊ द्या.

एक तास कसा बसवायचा ते सांगते. प्रसंग: मुलाला ताप आहे, शाळेत फोन करायचा आहे.

पहिली दहा मिनिटं मागच्या तासाची उजळणी, वही बंद, जोडीने. मग दहा मिनिटं मराठीत: फोन कोण उचलेल, ते काय विचारतील, तुम्ही काय सांगाल? त्या जे सांगतील त्याचीच सहा-सात वाक्यं करा, जास्त नाही. ‘गुड मॉर्निंग मॅम. धिस इज रोहनस मदर. सिक्स्थ स्टँडर्ड, बी डिव्हिजन. ही हॅज फीव्हर. ही वोन्ट कम टु स्कूल टुडे. कॅन ही गिव्ह द टेस्ट ऑन मंडे?’ (परीक्षा ‘गिव्ह’ करणं साहेबाच्या इंग्रजीत चालत नाही, सोलापूरच्या शाळेत बिनदिक्कत चालतं. राहू द्या.)

पुढची पंधरा मिनिटं कान आणि तोंड. फळ्यावर अजून काही नाही. तुम्ही तीनदा म्हणा, त्या नुसत्या ऐकतील. मग लांब वाक्य शेपटाकडून धरा: ‘टुडे’, ‘टु स्कूल टुडे’, ‘कम टु स्कूल टुडे’, ‘वोन्ट कम टु स्कूल टुडे’, ‘ही वोन्ट कम टु स्कूल टुडे’. पुढून म्हणायला घेतलं की वाक्याचा शेवट गिळला जातो. मागून घेतलं की दर वेळी ओळखीच्या जमिनीवर उतरता येतं. त्यानंतरच फळ्यावर लिहा. दहा मिनिटं बदलून म्हणायला द्या: फीव्हरच्या जागी कोल्ड, स्टमक पेन, लूज मोशन, ‘ही’च्या जागी ‘शी’, टुडेच्या जागी टुमॉरो.

मग पंचवीस मिनिटांचा मुख्य भाग. दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करा. आईच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव, इयत्ता, आजार, किती दिवस. शाळेच्या चिठ्ठीवर तेच रकाने, पण रिकामे, आणि खाली एक अडचण लिहिलेली: ‘उद्या परीक्षा आहे असं सांगा’ किंवा ‘डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागा’. खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे फोनवरच्यासारखं तोंड दिसणार नाही आणि हातवाऱ्यांनी काम भागणार नाही. शाळावालीला रकाने भरायचेत, म्हणून ती खरंच विचारते. आईला माहिती द्यायचीय, म्हणून ती खरंच सांगते. जिला जास्त येतं तिला शाळेची चिठ्ठी द्या, कारण आयत्या वेळचं बोलणं तिकडे आहे. तीन वेळा जोड्या बदला. पहिल्या फेरीत अडखळतात, तिसऱ्या फेरीत त्याच बायका ‘हॅलो’ झोकात म्हणतात.

व्याकरणाऐवजी हातात काम देऊन भाषा शिकवायची, या कल्पनेवर आपल्याकडे मोठं काम झालंय. इंग्रजी शिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं, अशी कामं देऊन इंग्रजी शिकवायचा प्रयोग केला. बंगळूर प्रकल्प म्हणून तो जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना माहीत आहे. ती मुलं होती, तुमच्या बायका आहेत, पण युक्ती तीच. एकीच्या कागदावर हुतात्मा एक्स्प्रेसच्या वेळा, सिद्धेश्वरच्या जागी रिकामं. दुसरीच्या कागदावर उलट. ‘व्हॉट टाइम डज इट लीव्ह?’ हे वाक्य वीस वेळा म्हटलं जातं आणि कुणाला घोकल्यासारखं वाटत नाही.

या पंचवीस मिनिटांत तुम्ही गप्प. हे तुम्हाला सगळ्यांत जड जाणार आहे. हातात कागद घेऊन फिरा, चुका टिपा, मध्ये पडू नका. नंतर दहा मिनिटं फळ्यावर चार वाक्यं लिहा, दोन बरोबर, दोन चुकलेली, कुणाचं नाव नाही, आणि वर्गालाच शोधू द्या. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकीने आपल्या मुलासाठी तीन वाक्यं वहीत लिहायची. वही भरते ती शेवटी.

कोणत्या चुका टिपायच्या? अर्थ बदलणाऱ्या आधी. ‘टीचर इज नॉट देअर, दे वेंट होम’ असं एखादी म्हणेल. आदरासाठी ‘ते’ म्हणायची आपली सवय ‘दे’ होऊन उतरते, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की किती माणसं गेली. ही टिपा. ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ सोडून द्या, बिघडत काहीच नाही. एका तासात चारच्या वर चुका घेऊ नका.

आणि प्रश्न विचारलात की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला वर्गांतल्या नोंदींत दिसलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारेही बोलायला लागतात. ते वर्ग मुलांचे होते आणि स्वतःच्या भाषेतले. तुमच्या वर्गात वाक्याला दोन भाषांमधून प्रवास करायचाय, म्हणजे मनात पाच मोजा.

तुमच्या उच्चारांबद्दल एवढंच: तुमच्या विद्यार्थिनी ज्यांच्याशी बोलणार आहेत ते शाळेतल्या मॅडम, बँकेतले साहेब, पुण्या-हैदराबादचं गिऱ्हाईक. त्यांचे उच्चार तुमच्यासारखेच आहेत. एखादी मुलाकडे परदेशी जाणार असेल तर तिला तिकडचं ऐकायची सवय हवी, तिकडच्यासारखं बोलायची नव्हे. तिला रोज दहा मिनिटं तिथल्या बातम्या ऐकायला सांगा.

घरचा अभ्यास म्हणून कागद देऊ नका. व्हॉट्सॲपवर वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, फक्त तुमच्याकडे, गटावर नाही. गटावर टाकायला सांगितलंत तर ज्यांना गरज आहे नेमक्या त्याच टाकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने तोच प्रसंग पुन्हा. नवीन शब्द तासाला आठाच्या वर नकोत.

ज्या दहाजणी थांबल्या त्यांना फोन करा, पण ‘का येत नाही?’ विचारू नका. त्यांना त्याचं उत्तर देताना ओशाळल्यासारखं होतं, आणि मग त्या ‘बघते बाई’ म्हणतात. सरळ सांगा: ‘मंगळवारी आपण दुकानात बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं तर काय बोलायचं ते करणार आहोत, तुझ्या कामाचं आहे, मागचं काही लागत नाही.’ आणि वेळेचं विचारा. दुकानवालीला संध्याकाळी सहा जमणारच नाही, ती गर्दीची वेळ.

आश्वासन मात्र बेताचं द्या. फाडफाड इंग्रजीच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, पण केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज असा की नवख्या माणसाला रोजचे साधे व्यवहार सांभाळण्याच्या पातळीला, ज्याला ए-टू म्हणतात, पोचायला शिकवणीचे १८० ते २०० तास लागतात, आणि त्याच्या वरच्या बी-वनला ३५० ते ४००. तुमचे आठवड्याला तीन तास. बारा आठवड्यांत छत्तीस. तेव्हा ‘बारा आठवड्यांत इंग्रजी’ म्हणू नका. ‘बारा आठवड्यांत सहा प्रसंग’ म्हणा आणि ते सहा दारावर लिहून लावा. पुढची तुकडी पुढचे सहा घेईल.

परीक्षा घ्यायचीच असेल तर लेखी नको. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीचा एक मिनिटाचा फोन रेकॉर्ड करा, तुम्ही शाळेतल्या क्लार्क, ती आई किंवा दुकानातली ताई. कितीही अडखळली तरी पुसू नका. बाराव्या आठवड्यात तोच फोन पुन्हा, आणि दोन्ही तिला एकटीला ऐकवा. बारा आठवड्यांनंतरही फोन जिथे अडतो, ती जागा टिपून ठेवा; बऱ्याचजणींचा तिथेच अडला असेल तर पुढच्या तुकडीचा पहिला तास तोच घ्या.